रास्ता पेठेतला फ्लॅट आणि शेजाऱ्यांची गाळणी

२०२२ साली आम्ही रास्ता पेठेत फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाइकांत अशी काही हवा पसरली की जणू मी नोकरी सोडून हिमालयात चाललोय. मावसभाऊ वाकडला, बहीण मोशीला, ऑफिसातले निम्मे लोक खराडी नाहीतर वाघोलीला, आणि हा शहाणा उलटा गावात शिरतोय, तेसुद्धा तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधे, जिथं लिफ्टमधे तिसरा माणूस घुसला तर दार लागत नाही, पार्किंग फक्त टू-व्हीलरचं आणि खाली गाळे. गाळे तरी कसले, एक किल्ल्या बनवणारा, एक झेरॉक्सवाला, एक गाड्यांची सीटकव्हरं शिवणारा, आणि कोपऱ्यावर मटणाचं दुकान. ६४० स्क्वेअर फूट कार्पेट, ६८ लाख. बायकोच्या नावावर घेतला म्हणून स्टँप ड्यूटी सातऐवजी सहा टक्के लागली, तरी ४ लाख ८ हजार गेलेच, वर नोंदणीचे ३० हजार.

तर वास्तुशांतीला मावशी आली, घर फिरून बघितलं, गॅलरीतून खाली वाकून बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "घेतलंस ते ठीक आहे रे, पण इथं लोक कसले असतात?"

या एका प्रश्नावर मला लिहायचंय. कारण पार्किंग, लिफ्ट, आवाज हे सगळं लोक मोठ्यानं विचारतात आणि हा प्रश्न मात्र हळूच विचारतात, आणि पुण्यामुंबईत घर घेताना खरा व्यवहार बऱ्याचदा या हळू आवाजातल्या प्रश्नावरच ठरतो.

आधी उत्तर देतो. अठरा फ्लॅट आहेत. पहिल्या मजल्यावर छापखान्यात कंपोझिटर म्हणून आयुष्य काढलेले आजोबा, त्यांच्या समोर एक तमिळ कुटुंब ज्यांचे आजोबा रेल्वेत लागले आणि इथलेच झाले, वरती बोहरी आळीत दुकान असलेले हार्डवेअरवाले, एक नर्सबाई ज्या केईएमला चालत ड्यूटीला जातात, दोन गुजराती घरं, एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काकू, आणि ज्यांचा मूळ वाडा होता त्या मालकांचा नातू. काकूंचं अस्सल मराठी ऐकून आम्ही पहिले सहा महिने त्यांना कोकणस्थच समजत होतो. मग एकदा त्यांच्याकडून ताटली आली, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळांच्या फोडी. आई म्हणाली प्रसाद दिसतोय, आणि देवापुढं ठेवून मगच आम्ही खाल्ला. दुसऱ्या दिवशी काकू हसत म्हणाल्या अगं तो मलिदा, आमच्या एलियाहू हन्नबीचा. त्यांचं सक्कथ शलोमो सिनेगॉग आमच्याच पेठेत आहे आणि मी पुण्यात जन्मून चाळीस वर्षं त्याच्यासमोरून नुसता गाडी मारत गेलेलो.

आता इथं लगेच "बघा पूर्वी कसे सगळे गुण्यागोविंदानं नांदायचे" वगैरे सुरू होतं. ते साफ झूठ आहे. जुन्या पेठा जातवार आळ्यांच्या होत्या, तांबटांची आळी वेगळी, कुंभारांची वेगळी, कुणाच्या विहिरीवर कुणी जायचं नाही हे पक्कं ठरलेलं. आमच्या घरापासून गाडीवर पाच-सात मिनिटांवर पंचहौदाचं चर्च आहे. १८९० साली तिथं मिशनऱ्यांकडं पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, कुणी खाल्ली कुणी नाही खाल्ली, आणि नावं पेपरात छापून आल्यावर एवढं मोठं ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. एका कप चहासाठी! म्हणजे कोण कुणाबरोबर काय खातं यावर माणूस मोजायची सवय आपल्याला आजची नाही. आज फ्लॅटच्या जाहिरातीत "ओन्ली व्हेज फॅमिली" लिहितात तेव्हा तेच ग्रामण्य, फक्त टायपिंग नवीन.

मग आमच्या जिन्यावर एवढी सरमिसळ आली कुठून? कुणाच्या मोठ्या मनामुळं तर नाहीच. ती आली भाडे कायद्यामुळं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीला गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य करून ठेवलं. आमच्या बिल्डिंगच्या जागी जो वाडा होता त्यात चौदा बिऱ्हाडं होती, कुणी १२ रुपये देणारा, कुणी १५, आणि मालकाला आवडो न आवडो ती तिथंच राहिली, पोरंबाळं झाली, पोरांची लग्नं झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाडा पाडून बिल्डिंग बांधायची ठरली तेव्हा या बिऱ्हाडांना जागा दिल्याशिवाय विटेला हात लावता येईना. म्हणून मालकाचे दोन फ्लॅट, भाडेकरूंना लहान-मोठे फ्लॅट मालकी हक्कानं, आणि उरलेले बिल्डरनं बाजारात विकले, त्यात हार्डवेअरवाले आले, डॉक्टर आले, पुढं विकत विकत आम्ही आलो. ज्या कंपोझिटर आजोबांना बँकेनं आयुष्यात कधी लोन दिलं नसतं ते आज आमच्याइतकेच मालक आहेत. एकाच जिन्यावर तीन वेगवेगळ्या ऐपतीची माणसं, आणि ही कुणी समाजसुधारकानं आणलेली नाहीत, एका रुक्ष कायद्यानं आणलीत.

त्या कायद्यानं वाटोळंही केलं हे मान्य करायलाच पाहिजे. १५ रुपये भाड्यात मालक कसली डागडुजी करणार, भाडेकरू म्हणतो घर तुमचं, मालक म्हणतो राहता तुम्ही, आणि दोघांच्या मधे भिंत बसते. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि तरी कुठला तरी वाडा पडतोच. शनिवारवाड्याजवळच्या लोकांचं तर आणखीनच अवघड, २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमधे नवीन बांधकामच करता येत नाही, म्हणजे पडकं घर पाडलं तर त्या जागी नवं उभं राहत नाही. मालकाच्या नातवाशी माझं यावर बऱ्याचदा बोलणं होतं आणि त्याच्या आजोबांवर अन्याय झाला हे मी त्याच्या तोंडावर कबूल करतो. पण म्हणून सरमिसळ वाईट असा निष्कर्ष निघत नाही. एवढंच निघतं की तिचं बिल एकट्या मालकाच्या नावानं फाडलं गेलं, ते सरकारनं भरायला हवं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की मिश्र वस्ती कायद्यानं घडते आणि कायदा झोपला की मोडते. आणि सध्या तो झोपलाय. कसा ते सांगतो, आणि यात मी स्वतः काय शेण खाल्लं तेही सांगतो.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फ्लॅट विकायला काढला, मुलीकडं बंगलोरला जायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं, भवानी पेठेत लाकडाच्या वखारीचा हिशोब बघणारा मुलगा, त्याची शिक्षिका बायको, एक छोटी मुलगी. लोन मंजूर, टोकन दिलेलं. कमिटीची मीटिंग पार्किंगमधे असते, स्कूटर बाजूला ओढून सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे सेक्रेटरींचं रजिस्टर. मी नवीनच कमिटीवर आलेलो. सेक्रेटरींनी अर्ज वाचला, नाव वाचलं, आडनाव वाचलं, आणि सगळे गप्प. एवढे गप्प की मशीनवर किल्ली घासल्याचा आवाज आतपर्यंत यायला लागला. मग एकजण म्हणाले, माणूस चांगला असेल हो, प्रश्न तो नाहीये, पण उद्या त्यांचे पाहुणे येणार. दुसरे म्हणाले, पुढं रिसेलला त्रास होतो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं कारण मी शिकलेला वगैरे, आणि मी म्हणालो, "जरा थांबू या, दुसरं कुणी येतंय का बघू."

हो, हेच म्हणालो.

तेवढ्यात कंपोझिटर आजोबा, जे कमिटीवर नाहीत पण मीटिंगला खुर्ची घेऊन येऊन बसतातच, ते म्हणाले, "आम्हाला इथं ठेवताना कुणाला विचारलं होतं का, आवडतात का म्हणून?" कुणीच उत्तर दिलं नाही. विषय पुढच्या मीटिंगला ढकलला, मग त्याच्या पुढच्या. दोन महिन्यांनी त्या मुलानं टोकन परत मागितलं आणि कोंढव्यात घर घेतलं. काकांचा फ्लॅट शेवटी तीन लाखांनी कमी किमतीत गेला, कारण त्यांना बंगलोरला जायची घाई आणि गिऱ्हाईक मोजकंच उरलेलं. जे म्हणत होते रिसेलला त्रास होतो, त्यांनी प्रत्यक्षात रिसेलला त्रास करून दाखवला.

आणि गंमत बघा, दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट चक्क सीटकव्हरचं गोडाऊन आहे, रेक्झिनचे रोल आणि फोमचे गठ्ठे छतापर्यंत. जिन्यात फोम पडलेला असतो, उद्या ठिणगी पडली तर आमच्या गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी शिरेपर्यंत सगळे धुरानं गुदमरू. त्यावर कुणी ब्र काढत नाही, कारण तो "आपल्यातला" आहे, गणपतीला चांगली वर्गणी देतो. म्हणजे राहत्या घराचा धोकादायक वापर चालतो आणि घरात राहायला येणारं कुटुंब चालत नाही. अटी घालायच्याच असतील तर वागणुकीवर घाला ना. रात्री अकरानंतर ड्रिल नको, जिन्यात सामान नको, घरात गोडाऊन नको, कचरा वेगळा करा, मेंटेनन्स वेळेवर द्या. हे सगळ्यांना सारखं लागू करा, अगदी कडक. माणूस कोण आहे, काय खातो, देवाला काय म्हणतो, लग्न झालंय का, याच्याशी सोसायटीचा संबंध नाही.

लोकांना वाटतं एनओसी म्हणजे सोसायटीची परवानगी. मलाही तेच वाटायचं. नंतर लाजेकाजेनं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम, काढून वाचले. त्यात स्वच्छ लिहिलंय की फ्लॅट विकण्यासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही, बँकेला वगैरे पाहिजे असेल तर अर्ज करून घ्यायचा. ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, त्याच्यावर "डोनेशन" घेणं बेकायदा. १९६०च्या सहकार कायद्यात पुरेसं कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारलं तर निबंधकाकडं अपील करता येतं. हे एवढं सगळं असताना गाळणी लागते कशी? तर आम्ही लावली तशी. नाही म्हणायचंच नाही, लेखी तर अजिबात नाही, फक्त विषय पुढं ढकलत राहायचा. टोकन दिलेला माणूस किती महिने थांबेल?

आणि जिथं गाळणी उघड आहे तिथं तर कायदाच तिच्या बाजूनं उभा राहिलाय. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमधे २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एका समाजापुरतंच सभासदत्व ठेवणारा उपविधी चालतो, कारण संघटना करायचा हक्क आहे आणि कलम १५ हे सरकारला बांधतं, खासगी सोसायटीला नाही. पारश्यांची काळजी मला समजते, मूठभर समाज, आपली कॉलनी टिकावी असं वाटणारच. पण त्या निकालाच्या सावलीत जे बसलेत ते काही मूठभर नाहीत. घटनेच्या १५व्या कलमात दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता सगळं आहे, भेदभाव करायचा नाही म्हणून, फक्त घर नाही. महाराष्ट्रात घर विकताना किंवा भाड्यानं देताना भेदभाव करू नये असा वेगळा कायदा आजतागायत नाही. शेजारी गुजरातमधे तर उलटंच आहे, अशांत धारा नावाचा कायदा जिथं लागू आहे तिथं घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते, आणि बडोद्यातल्या आपल्या मराठी लोकांना हे चांगलं माहितीय.

"माझ्या घराशेजारी मला मच्छीचा वास नको, हा माझा हक्क नाही का?" हे वाकडचा मावसभाऊ मला विचारतो. नाही. तुझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल हा तुझा हक्क, माझ्या स्वयंपाकघरातलं तू ठरवणार नाहीस. वासाचा त्रास असेल तर चिमणी बसवून घ्यायला सांग, डक्ट दुरुस्त करायला सोसायटीचे पैसे लाव. आमच्याकडंही नर्सबाईंच्या सुकटीचा वास रविवारी चौथ्या मजल्यापर्यंत जातो आणि चौथ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी दार लावून घेतात, वाईट तोंड करतात, आणि सोमवारी ब्लडप्रेशर मोजून घ्यायला त्यांच्याकडंच जातात. शेजार म्हणजे एवढाच असतो, फार प्रेमबिम नसतं त्यात.

दुसरा मुद्दा येतो तो "ते लोकही आपापल्यातच राहतात की, मुंब्रा बघा, कोंढवा बघा." अहो, मुंब्रा वाढलं ते १९९२-९३च्या दंगलीनंतर जीव मुठीत घेऊन लोक तिकडं गेले म्हणून. आणि कोंढव्यात एक घर कसं वाढलं ते तर मी आमच्या पार्किंगमधे बसून बघितलंय. आपणच लोकांना ढकलायचं आणि मग म्हणायचं बघा कसे एकत्र राहतात.

या सगळ्यात मराठी माणसाचा राग मला कळतो. २०२३ला मुलुंडमधे एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा बघायला गेल्यावर "महाराष्ट्रीयन चालत नाहीत" असं ऐकावं लागलं, व्हिडिओ सगळीकडं फिरला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तीन दिवस नुसता संताप. पुढं २०२४ला आमदार अनिल परब यांनी नव्या इमारतीत निम्मी घरं वर्षभर मराठी माणसांसाठी राखून ठेवा असं अशासकीय विधेयक मांडलं. मला हा उपाय पटत नाही. एक गाळणी काढायची म्हणून दुसरी लावायची आणि तिच्यावर आपलं नाव घालायचं. शिवाय वर्षभर राखलेलं दोन कोटींचं घर आमचा किल्लीवाला घेणार आहे का? त्यापेक्षा एका ओळीचं कलम घाला, की जात, धर्म, भाषा, आहार, लग्न या कारणावरून कुणी घर नाकारलं, किंवा तीस दिवसांत लेखी कारण न देता अर्ज लटकवला, तर कमिटीच्या सभासदांना व्यक्तिशः दंड. व्यक्तिशः हा शब्द महत्त्वाचा. सोसायटीच्या फंडातून दंड भरायचा असेल तर कुणाला फरक पडत नाही, खिशातून जाणार म्हटल्यावर मी त्या दिवशी वेगळं बोललो असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता ज्यांना खरंच गावात घर घ्यायचंय त्यांच्यासाठी, कारण लेख वाचून कुणी भारावून जाऊ नये. गणपतीच्या आधी दोन महिने ढोलाची प्रॅक्टिस असते आणि दहा दिवस तर झोप नावाची गोष्ट विसरायची, बाबांना आम्ही त्या दिवसांत बहिणीकडं मोशीला पाठवतो. गाडी आम्ही विकूनच टाकली, मंगळवार पेठेचं मेट्रो स्टेशन २०२३च्या ऑगस्टपासून चालू झाल्यावर तिची आठवणही फारशी येत नाही. बँकेच्या वकिलानं तीस वर्षांचा सर्च, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र सगळं मागितलं आणि मग कळलं की कन्व्हेयन्सच झालेलं नाही, जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. २००८च्या दुरुस्तीपासून मालक किंवा बिल्डर सही देत नसेल तरी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून जमीन सोसायटीच्या नावावर घेता येते, पण त्यासाठी कुणीतरी ऑफिसात खेटे घालायला लागतात, ते सध्या मी घालतोय. या बाबी बघून घ्या, तासभर जिन्यात उभं राहा, रात्री दहाला एकदा आणि सकाळी सातला एकदा. दुसरीकडं पाणी म्हणाल तर कॉर्पोरेशनचं येतं, वाघोलीच्या मित्राचा टँकरचा खर्च आमच्या पूर्ण मेंटेनन्सपेक्षा जास्त आहे. आमचा मेंटेनन्स १२०० रुपये. मुलगी झेरॉक्सवाल्याकडं दप्तर टाकून क्लासला जाते, मला ऑफिसात फोन येतो, "साहेब, पोचली वरती."

आणि हे सगळं आता किती दिवस राहील माहीत नाही, कारण रिडेव्हलपमेंटचा प्रस्ताव आलाय. बिल्डरच्या माणसानं पार्किंगमधेच पांढरी चादर लावून प्रेझेंटेशन दिलं. अकरा मजले, खाली दोन मजले पार्किंग, जिम, आणि एका स्लाइडवर "लाइक-माइंडेड फॅमिलीज". गाळे कुठंच दिसले नाहीत. अंदाजे मेंटेनन्स महिना ६ हजार. मी आजोबांकडं बघितलं, ते बोटांवर काहीतरी मोजत होते. त्यांना फ्लॅट मिळेल, मोठाही मिळेल, फक्त त्यात राहायला परवडणार नाही, म्हणजे दोन-तीन वर्षांत विकून बाहेर. कुणी हाकललं असंही म्हणता येणार नाही. २०२० सालच्या नव्या बांधकाम नियमावलीत पार्किंगचा हिशोब अगदी गाडीगाडीनं दिलाय, पण जुन्या सभासदाला नव्या बिल्डिंगमधे टिकता यावं म्हणून मेंटेनन्सची काही सोय, कॉर्पसचं (बिल्डर सोसायटीला देतो त्या ठेवीचं) काही बंधन, असं आमच्यासारख्या एकट्या सोसायटीसाठी मला त्यात काही सापडलं नाही. भाडे कायद्यानं निदान माणूस जागेवर ठेवला होता.

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमांप्रमाणे रविवारी सभा आहे, दोन-तृतीयांश कोरम लागतो आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के लोकांनी हात वर केला की झालं. मी लेखी दोन मुद्दे दिलेत, एक, बिल्डरच्या कॉर्पसच्या व्याजातून जुन्या लहान फ्लॅटचा मेंटेनन्स आजच्या पातळीला दहा वर्षं धरून ठेवायचा, आणि दोन, करारात लिहून घ्यायचं की नव्या फ्लॅटच्या विक्रीत समाज, आहार असली कुठलीही अट असणार नाही. मंजूर होतील असं वाटत नाही. सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला आत्ताच कुठून सुचलं हे, आणि मला काही बोलता आलं नाही.

अर्जाच्या कॉपी काढायला खाली गेलो तर झेरॉक्सवाल्यानं पहिलं पान काढता काढता वाचूनच टाकलं आणि शेजारी ओरडून सांगितलं. किल्लीवाला मशीन बंद करून, हात पुसत आला. म्हणाला, "साहेब, यात गाळ्यांचं काय लिहिलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्याच काउंटरवर पेन मागून घेतलं आणि तिसरा मुद्दा हातानं लिहिला, पाचही कॉप्यांवर.